कॉमावाले सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते माझं मलाही नीट माहीत नाही.

आलापल्लीच्या भागात मला कॉमावाले सर म्हणतात. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू? इंग्रजी वाक्य ‘इन द मॉर्निंग’सारख्या शब्दांनी सुरू झालं, की त्यापुढे कॉमा. हे मी पोरांच्या डोक्यात असं पक्कं बसवलंय, की झोपेतून उठवून विचारा. शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही मलाच बोलावतात.

पण हे मला आलं कुठून? आम्ही इंग्रजी शिकलो ते मास्तर सांगतील ते उतरवून घेत. ते दम घ्यायला थांबले, की आम्ही कॉमा द्यायचो. नोकरीला लागल्यावरही माझा नियम तोच — दम लागला की कॉमा.

आणि मग नववीतल्या वैजंतीचा इंग्रजी निबंध आला. तिचे वडील वनखात्याच्या विश्रामगृहात स्वयंपाकी. निबंध सुरेख होता, पण जागोजाग कॉमे — ‘इन द मॉर्निंग’सारख्या शब्दांपुढे, जिथे वाचताना मला दम लागतच नव्हता. मी प्रत्येकाभोवती लाल गोल काढला, मार्क कापले. तालुक्याच्या निबंध स्पर्धेला शाळेतून एकच नाव जायचं, आणि ते आता तिचं नव्हतं.

नाव पाठवायला दोन दिवस होते. वैजंती विश्रामगृहातलं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. “सर, याच्यात तं असंच लिवून आहे जी. मंग माहे चुकले काऊन?”

मी वाचलं. पोरगी बरोबर होती. आणि मी काय केलं? म्हणालो, पुस्तक जुनं आहे, आता नियम बदललेत. पुस्तक ठेवून घेतलं — ते आजही माझ्या कपाटात आहे. नाव दुसऱ्याचं पाठवलं. पुढच्या वर्षी तोच नियम, त्याच पुस्तकातून, माझा म्हणून शिकवला.

गेल्या महिन्यात चंद्रपूरच्या प्रशिक्षणात वैजंती पहिल्या रांगेत बसली होती. आता तीही इंग्रजी शिकवते. शेवटी ती उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “कॉमा कुठी द्याचा, हे मले सरांनीच शिकवलं.”

विसरली असेल? की मला सांभाळून घेतलं? विचारायची माझी छाती झाली नाही. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले आणि त्या थांबेपर्यंत ताठ उभा राहिलो.

लाज वाटली — पण घरी आल्यावर. तिथे, त्या टाळ्यांत, मला नुसता अभिमान वाटत होता.