गाळलेलं वाक्य

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. म्हणजे—यातला अर्धा भाग मी मित्रांना चहाबरोबर अनेकदा ऐकवला आहे, आणि ते हसलेही आहेत. उरलेला अर्धा कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास सोलापुरात एका इस्पितळात मी कारकून होतो. आई अक्कलकोटकडची, त्यामुळे मला कन्नड यायचं. कानडी माणूस आला की वॉर्डातून मला हाक येई. आमचे सर्जन राउंडला निघाले की मागे एवढा लवाजमा असे, की पालखी तेवढी कमी.

बिरप्पा नावाचा मेंढपाळ आला होता. त्याला मुलगा झाला होता, पण बाळाला शौचाची वाटच नव्हती. पोट फुगत चाललेलं. सर्जन मला म्हणाले, याला समजाव—आज पोटावर भोक पाडून वाट काढू. वर्षभरानं खाली वाट करून पोटावरची बंद करू. ऑपरेशनमध्ये दगावण्याची भीती आहे. पण निभावलं तर चारचौघांसारखं जगेल. नाही केलं तर मरेलच.

मी सांगितलं. भोक सांगितलं, भीती सांगितली, मरेल हेही सांगितलं. आणि—पोटावरचं भोक पुढे बंद होतं, हे सांगितलं नाही.

“म्हंजे जल्मभर पोटातनंच?” बिरप्पानं कन्नडमध्ये विचारलं.

मी हातातला केसपेपर सरळ करत राहिलो.

“पोरं हसतील की वो त्येला, अण्णा,” तो म्हणाला. मग मान हलवली. “नको.”

“काय म्हणतो?” सर्जननी विचारलं.

“नको म्हणतोय.”

“अडाणी! मेंढरू असतं तर पाया पडला असता.”

हे वाक्य मी मित्रांना हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

का केलं मी असं? मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारी आई, धूळ, माश्या, पोटावरची उघडी जागा—हा हिशेब मी त्या आईबापांच्या वतीनं मनातच मांडून टाकला होता. आणि या ऑपरेशननंतर गळ्यात हार घातलेला फोटो सर्जनना वर्तमानपत्रात हवा आहे, अशी कुजबुज होती. त्यांचा तो हार हुकावा असं मला वाटलं का? वाटलं. दोन्हींत जड कारण कोणतं?—मला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर बिरप्पा मला शोधत आला. घरी पोचल्यावर बाळ वारलं, म्हणाला. खांद्यावर घरच्या लोकरीची नवी घोंगडी होती. ती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

“तितं समदे वरनं बोलत व्हते, अण्णा. तुमी तेवढं आमच्या बोलीत खरं सांगितलं.”

तेव्हाही सांगता आलं असतं. मी चहा मागवला.

घोंगडी घरी आहे. दर थंडीत पेटीतून निघते, मी पांघरतो. नवी असताना घोंगडी टोचते, वापरून मऊ होते. ही केव्हाच मऊ झाली आहे.