सुमनबाईंनी निवळलेलं झाकण

कॉलेजात काही नवं सापडलं की तुम्ही प्राध्यापकाचं नाव विचारता. दगड कुणी धुतला, असं कधी विचारलंय? नाही ना? मग ऐका.

सुमनबाई गांगुर्डे निफाडकडच्या, सातवी पास. नाशकातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होत्या. १९७८ साली तिथले कुर्तडकर सर कच्छच्या सहलीहून पोतंभर काळा, पापुद्र्यांचा दगड घेऊन आले. आपला नाशकाचा दगड लाव्ह्याचा, त्यात समुद्राचं काही मिळत नाही. कच्छचा मात्र जुन्या समुद्राचा गाळ. तो ॲसिडमध्ये विरघळवायचा, उरलेला साका धुऊन काचपट्टीवर घ्यायचा, हे काम बाईंचं.

सूक्ष्मदर्शकात दिसायची कवचं, केसाच्या जाडीएवढी. समुद्रात तरंगणारा एकपेशीय जीव वाईट दिवसांत असं कवच करून आत बसायचा. दिवस पालटले की झाकण ढकलून निघून जायचा. कवचाला खवले असतात. झाकण कुठल्या आणि किती खवल्यांचं, यावर प्रजाती ठरते.

या कवचांना वर एक शिंग, अंगावर बारीक दाणे. पुस्तकातल्या एका प्रजातीशी सगळं जुळत होतं. फक्त पुस्तकात झाकण एका खवल्याचं, आणि इथे दोन खवल्यांची जागा रिकामी. सरांनी निकाल देऊन टाकला: एक खवला झाकणाचा, दुसरा बाईंच्या धसमुसळेपणाने तुटला. नमुने खराब केल्याबद्दल बाईंना मेमो मिळाला. तो सेवापुस्तकात चिकटणार होता.

मी चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या संघटनेत. कागद बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, उद्याच गेटसभा.

"भाऊ, घोषणा कुठं पळून जात्यात का? मला आठ दिवस द्या."

"आणि मेमो?"

"मेमो त्यांचा हाय. हात माझे हायेत."

सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सर, बांगडी फुटली तर कुठंबी फुटती. हे दरखेपी एकाच जागी कसं फुटतंय?"

"तुम्ही मशीनमध्ये जोरात फिरवता, म्हणून."

"मंग मशीन नको."

पोत्यातला कोरा तुकडा घेतला. खलात कुटला नाही, हातानेच पापुद्रे सोडवून ॲसिडमध्ये ठेवले. साका खाली बसवायला गरगर फिरणारं यंत्र होतं, त्याला बोट लावलं नाही. कुरडयांचा चीक निवळतात तसं केलं. भांडं हलवायचं नाही, वरचं पाणी हलकेच ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा थांबायचं. पाच दिवस. जोडीचा शिपाई गोटीराम येता-जाता चिडवायचा, "बाई, कुरडया तळायच्या कधी?"

"तुझ्या लग्नात. तवर शिळ्या व्हतील."

सहाव्या दिवशी काचपट्टी तयार. एकेचाळीस कवचं, आणि एकूण एक कवचात दोन खवल्यांची जागा रिकामी. तरी सर हटेनात. "नाजूकच असेल, आपोआप तुटत असेल."

बाईंनी दुसरी पट्टी सरकवली. तिच्यावर सुटी झाकणं होती. दोन-दोन खवले, एकमेकांना घट्ट जोडलेले.

"तुटलं असतं तर दोन तुकडे पडले असते, सर. हे जोडीनं निघालंय."

सर कितीतरी वेळ डोळा लावून बसले. "हं," म्हणाले. "झाकण एकच आहे. दोन खवल्यांचं."

"तसं लिहून द्या. त्याच मेमोवर."

लिहून दिलं. मी स्वतः वाचलंय.

मग खरं काम सुरू झालं. सरांनी साठ कवचं मोजली, चित्रं काढली, पुस्तकांतल्या भावंडांशी ताडून पाहिली. सगळ्यात धडक्या कवचाभोवती शाईचं कडं करून ते प्रजातीचा मूळ नमुना ठरवलं. त्या पट्टीवरची चिठ्ठी बाईंच्या अक्षरात आहे. १९८२ साली लेख छापून आला. नवी प्रजाती, आणि वेगळेपणाची पहिलीच खूण, दोन खवल्यांचं एकसंध झाकण. शेवटच्या पानावर "प्रयोगशाळेतील मदतीबद्दल आभार". कुणाचे? नाव नाही.

मी पुन्हा तापलो. बाई म्हणाल्या, "माझ्या हातावरचा डाग गेला, भाऊ. मी तेवढ्यासाठीच भांडले."

त्यांचं भागलं असेल, माझं नाही. तो अंक अजून कॉलेजच्या वाचनालयात आहे. तुमच्या हाती आला तर शेवटच्या पानावर, आभारांच्या खाली, एवढी ओळ लिहा: "ही कवचं सुमनबाई गांगुर्डे यांनी निवळली." आणि पेन्सिलीने नको, पेनाने लिहा.