उलट्या वाट्या

एमआरआयच्या खोलीबाहेर बाबा आईचं मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते. मध्येच ते खिशात ठेवायचे, लगेच चाचपून पुन्हा बाहेर काढायचे. आत यंत्राची ठकठक चालली होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

आईच्या नैराश्यावरच्या गोळ्या दोनदा बदलून झाल्या होत्या. "या वयात त्या कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. मेंदू एकदा पाहू, काही अंदाज आला तर आला," डॉक्टर म्हणाले होते. काय दिसणार त्या फिल्मवर? आमटी अळणी झाली तरी ती निमूट जेवते, हे दिसेल? पूर्वी सोनाराकडे मंगळसूत्र दुरुस्तीला दिलं, तर गळ्यात काळी पोत घातल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. मघाशी नर्सने सांगितलं आणि तिने ते काढून दिलं, जराही कुरकुरली नाही. हे कुठल्या यंत्राला कळणार? की कळेल, एखादा करडा डाग म्हणून? माझ्या येरझाऱ्या वाढल्या.

ठकठक थांबली. आई बाहेर येऊन बाकावर बसली. बाबांनी मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं. तिने मान खाली घालून पाहिलं.

"अहो, वाट्या उलट्या आल्यात. मी काय नवी नवरी आहे?"

बाबा वाट्या सरळ करायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"बघताय काय? करा की सरळ," ती खेकसली.

सकाळपासून पहिल्यांदाच मी खाली टेकले.