भाऊकाकांचा दोरफेक्या

भाऊकाकांसमोर कुठल्याही अवजाराला ‘ते’ म्हणायची सोय नव्हती. “ते द्या” म्हटलं की हात मागे घेत. “‘ते’ काय? नाव घे. आमच्या वर्कशॉपमध्ये बिना नावाची चीज कोणी उचलत नसे.” रेल्वेचे हवेवर चालणारे ब्रेक दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती.

काशीत पंचगंगा घाटावर आम्ही शेजारी. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा गोड समज होता. एका पुरात आमच्या डोळ्यांसमोर एक माणूस वाहून गेला. रामधनी नावाड्याने फेकलेला दोर चार हात अलीकडे पडला. काका आठवडाभर धड जेवले नाहीत. मग हवेच्या दाबाने दोर फेकणारं यंत्र त्यांनी घरीच बनवायला घेतलं: पंप, टाकी, झडप, नळी आणि दोराच्या टोकाला रबराचा गोळा. लोक त्याला हिंदीत ‘तोप’ म्हणत. काका उखडत. “तोप माणूस मारते. हा दोरफेक्या आहे!”

पहिल्या चाचणीला झडप उघडली, पण गोळा नळीतच अडकला. काकांनी विचारलं, “टाकी?”

“रिकामी,” मी ठोकून दिलं. मी नुसता पंप बंद केला होता, दाबाच्या काट्याकडे पाहिलंच नव्हतं. रामधनी नळीत डोकावायला वाकला. काकांची नजर काट्यावर गेली आणि त्यांनी त्याला धक्का देऊन पायरीवर पाडलं. त्याच क्षणी गोळा सुटला आणि थेट गंगेत गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं जमली. काका म्हणाले, “गलती हमारी है. काँटा उधर घुमा हुआ था, इनको दिखता कैसे?” काटा माझ्या नाकासमोर होता.

घरी येताना एवढंच बोलले, “बंद वेगळं, रिकामं वेगळं. उद्यापासून टाकी तूच सांभाळायची.” रागावले असते तर मी पुन्हा घाटाची पायरी उतरले नसते. त्यानंतर दर वेळी काटा पाहून मी “रिकामी” म्हणायचे आणि मगच रामधनी नळी तपासायचा.

गेल्या पुरात त्या दोराने एक भरलेली नाव किनाऱ्याला आणली. माघात काका गेले. तेराव्याला मला राहवेना. रामधनीला सगळं खरं सांगून टाकलं.

तो शांतपणे म्हणाला, “मालूम है, मास्टरनी जी. काका उसी शाम बता दिए थे. बोले, जिसकी आँख जाती, उससे क्या छिपाना. पर उनसे मत कहना, आना छोड़ देंगी.”

म्हणजे इतके दिवस, मी “रिकामी” म्हटलं की हा माणूस सगळं ठाऊक असूनही नळीत डोकावत होता.