फेसावर थांबलेले यंत्र

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पहिली नोकरी मिळाली, तीही तात्पुरती. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे होती. घरातल्यांनी तिचा उपयोग तोवर औषधांच्या पत्रकांवरचा बारीक मजकूर माझ्याकडून वाचून घेण्यापुरताच केला होता. कामशेतजवळच्या दूध तपासणी प्रयोगशाळेत महिनाभर शिकल्यावर दुधाचे नमुने उचलणाऱ्या यंत्राची एक फेरी मी एकटीने लावायची, ती बिनचूक झाली तरच मला कायम करायचे, असे ठरले होते.

त्या यंत्रावर माझा जीव जडला होता. त्याच्या आडव्या हाताला पिपेटच्या आठ नळ्या. प्रत्येकीच्या टोकाला विजेची सूक्ष्म जाण. बाटलीत उतरताना दुधाचा स्पर्श होताच ते थबकते, किंचित बुडते, आणि वरचा दट्ट्या हलकेच मागे सरून दूध ओढून घेतो. बाटलीतली पातळी उतरेल तसे टोकही खाली उतरते. इतका संकोची आणि तरीही इतका अचूक सहकारी असतो, हे मला ठाऊकच नव्हते.

परीक्षेच्या सकाळी पवनानगरकडच्या दूध संकलन केंद्रावरचे आबा नमुन्यांच्या बाटल्या घेऊन आले. संकलन केंद्रावर नमुना काढण्याआधी दूध तळापासून ढवळतात, नाहीतर साय वर राहते आणि फॅट चुकते. आबा या नियमाला इतके जागणारे, की जीपमधून उतरल्यावरही त्यांनी एकेक बाटली दोन्ही हातांनी घुसळून काढली.

“लय हालवलंय, बाई. फॅट कुटं लपून बसायची न्हाई.”

त्यांना थांबवण्याचे धैर्य मला झाले नाही. मी झाकणे काढली, बाटल्या मांडल्या, बटण दाबले. आठही नळ्या डौलात उतरल्या आणि फार वरच थांबल्या. पारदर्शक टोकांत दूध थोडे, बुडबुडे फार. फेसाचा स्पर्श त्यांना दुधाचाच वाटला होता! पडद्यावर मात्र सारे हिरवे.

“छान चाललंय, काकू,” मागे उभ्या असलेल्या प्रयोगशाळा प्रमुख म्हणाल्या. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

गप्प राहिले असते, तर नोकरी बहुधा तिथेच माझी झाली असती. आठ गोठ्यांचे अहवाल तेवढे चुकले असते. “जरा...” मी म्हणाले. ते मलाच ऐकू आले. मग मी लाल बटण दाबले.

“काय झालं?”

“ते... फेस पितंय.”

आबांनी वाकून पाहिले. “आयला! एवढं म्हागाचं मशीन, अन् बुडबुड्यावर खूश व्हय?”

प्रमुखांना हसू फुटले. नापास होत असल्याचे कळत असूनही, मलाही.

फेस बसेपर्यंत थांबायचे ठरले. पंधरा मिनिटांनी आबांचा हात सवयीने एका बाटलीकडे गेला.

“आबा, ठेवा ती खाली!”

हा आवाज माझा होता. शेजारच्या खोलीतून दोघे डोकावले. मग बाटली झाकण लावून हळूच उलटसुलट कशी करायची, हे मी आबांना करून दाखवले.

“आमची सूनबी एवढ्यानं वरडत न्हाई,” असे पुटपुटत आबांनी बाटली तान्ह्या बाळासारखी धरली.

या खेपेला नळ्या खोल उतरल्या. आठ पांढऱ्याशुभ्र रेषा एकसारख्या वर चढल्या आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेत टाळ्या वाजवू नयेत, असे निदान भिंतीवर तरी लिहिलेले नव्हते.

प्रमुखांनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. “फेरी काही बिनचूक झाली नाही, काकू. पण मशीनला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. करा सही.”

मला इतके हसू येत होते, की सही मी तारखेच्या चौकटीत केली.