आडवे चौदा

हुशार माणसांचा मला वीट आलाय. त्यांत मीही आले, कारण ज्या एका ओळीमुळे हे सगळं झालं, ती वाचून सगळ्यांत आधी मीच हसले होते.

भाईंदर पश्चिमेला एका झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर आमच्या ‘खाडीकाठ’ साप्ताहिकाची कचेरी आहे. अकरा वर्षं मी तिथं पानं लावते. पहिल्या पानावर पुढाऱ्यांचे वाढदिवस, दुसऱ्या-तिसऱ्यावर पाणी आणि गटारं, चौथ्यावर बिल्डरांच्या जाहिराती आणि त्यांच्या पायाशी, खालच्या कोपऱ्यात, केरबा सोनकांबळे यांचं शब्दकोडं. बाकीचा पेपर लोक रद्दीतच घालतात. वाचतात तो हा कोपरा, आणि आमचे मालक गुणवंतभाऊ हे जाणून असतात, पण मान्य करत नाहीत.

केरबा सर मूळचे मुखेडकडचे. गिरगावातल्या एका छापखान्यात तेहेतीस वर्षं मुद्रितं तपासली, निवृत्त झाले आणि पेणकरपाड्याच्या दोन खोल्यांत बायको वैजयंताबाईंबरोबर शांतपणे राहू लागले. सकाळी फिरून आल्यावर चौकटीच्या वहीत काळी घरं भरायची, शब्द बसवायचे आणि मग शोधसूत्रं लिहायची, म्हणजे ज्या ओळीवरून वाचकाने शब्द ओळखायचा ती ओळ. इथं त्यांची एक खोड होती. शब्द ज्याच्या धंद्यातला, त्याला शोधसूत्र आधी वाचून दाखवायचं. त्याने मान डोलावली तरच ते छापायला येणार.

‘ओळंबा’ या शब्दासाठी ते काशिमीऱ्याच्या एका बांधकामावर उन्हात तासभर थांबले होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘भिंत खोटं बोलते का ते सांगणारा’. गवंडी ऐकून म्हणाला, “भिंत कशाला खोटं बोलेल, सर? खोटं गवंडी बोलतो.” सरांनी तिथल्या तिथं ओळ बदलली, ‘गवंड्याचं खोटं पकडणारा’. ‘धोकटी’साठी न्हाव्याकडे जाऊन विनाकारण दाढी करून घेतली. मी वैतागायचे. पान अडकलेलं असायचं आणि हे महाशय कुणा चांभाराच्या होकाराची वाट बघत बसलेले.

व्हेराबाई त्यांना अशीच मिळाली. उत्तनला बोंबील सुकवायला बांबूंची जी मांडणी करतात तिला वलांडी म्हणतात. तो शब्द घेऊन सर नऊ वर्षांपूर्वी तिच्या अंगणात पोचले. सत्तरीला टेकलेली, जाड चष्म्याची, मराठी सातवी पास बाई. तिने शोधसूत्र ऐकलं, दोन चुका काढल्या आणि विचारलं, “ह्यो पेपर आमच्याकडं का न्हाय येत?” तेव्हापासून दर बुधवारी उत्तनच्या बसच्या कंडक्टरबरोबर एक अंक जायला लागला आणि दर शुक्रवारी दुपारी तिची सून ॲमंडा भरलेल्या चौकटीचा फोटो सरांच्या मोबाइलवर पाठवायला लागली. एकही घर रिकामं नाही, आणि सगळं बॉलपेनने.

तो फोटो सर मला न चुकता दाखवायचे. “नीलिमा, हे बघ. लोक पेन्सिल घेऊन बसतात, खोडरबर जवळ ठेवतात. ही बाई पेनने भरते. माझं सूत्र चुकणार नाही याची तिला खात्री आहे.” पुरस्कार मिळालेला माणूस इतका खूश होत नाही. त्यांच्याकडे पुरस्कार म्हणावा असा तो एवढाच होता.

गेल्या हिवाळ्यात गुणवंतभाऊंच्या डोक्यात वारं शिरलं. म्हणाले, “सर, तुमचं कोडं छान असतं, पण मास्तरी वाटतं. जरा चटपटीत द्या ना. लोकांनी व्हॉट्सॲपवर पुढे ढकललं पाहिजे.”  सासष्टाव्या वर्षीही माणसाला आपण मास्तरी नाही हे दाखवावंसं वाटतं. पुढच्या बुधवारचं कोडं त्यांनी आणून दिलं. आडवे चौदा, तीन अक्षरं: ‘एका घरात भाजला, की सात मजल्यांच्या खिडक्या बंद’.

मी हसले. खदखदून हसले. गुणवंतभाऊंनी टेबलावर थाप मारली. मी पान लावता लावता सहज विचारलं, “सर, हे कुणाला वाचून दाखवलंत?”

“बोंबील कुणाला वाचून दाखवायचा?” ते म्हणाले. “आमच्या घरचाच शब्द आहे तो. आठवडी बाजारातून सुके बोंबील आले की आम्ही भावंडं आपल्याच घराच्या वासावरून एकमेकांना चिडवायचो.”

चूक झाली ती इथं. परक्या शब्दासाठी उन्हात उभा राहणारा माणूस घरच्या शब्दाला बिनधास्त राहिला. घरच्यांनी घरात केलेली थट्टा घरात ठीक असते, पण आमचा पेपर त्यांच्या घरापुरता छापला जात नव्हता.

बुधवारी अंक निघाला आणि संध्याकाळपर्यंत ती एकच ओळ गावभर झाली. सरांना नऊ वर्षांत जेवढे निरोप आले नव्हते, तेवढे एका दिवसात आले. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. ‘मान गए सर.’ ‘अगदी आमच्या मजल्याची कहाणी.’ ‘असेच दणके देत राहा.’ दणका कुणाला, हे कुणी लिहिलं नव्हतं. सर प्रत्येकाला ‘आभारी आहे’ असं उत्तर देत होते. मला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. पण मी निरोप मोजत होते.

शुक्रवारी व्हेराबाईचा फोटो आला नाही. सर म्हणाले, ॲमंडाचा फोन बिघडला असेल. त्या रविवारी मीरा रोडच्या एका टॉवरमधल्या वाचकाने मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीने गेटवर हिंदीत सूचना लावली होती, मासे विकणाऱ्या बायकांना आत यायला मनाई. सूचनेखाली आमच्या पेपरचा तुकडा डकवला होता, आडवे चौदाभोवती लाल पेनाने गोल काढून. खाली लेखकाचं नाव ठसठशीत.

तो फोटो वैजयंताबाईंनीही पाहिला. मी त्या दिवशी पेणकरपाड्याला त्यांच्याकडेच होते. त्या पोळ्या लाटत होत्या, हात न थांबवता त्या बोलल्या.

“तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, निखाऱ्यावर बोंबील भाजायच्या, तेव्हा पाटलाच्या माडीच्या खिडक्या धाडधाड लागायच्या. तुम्हीच सांगितलंय मला. शाळेत तुमच्या बोटांना वास येतो म्हणून मास्तरांनी तुम्हाला दाराजवळ बसवलं, तेही तुम्हीच सांगितलंय.”

“वैजू, अगं थट्टा होती ती.”

“थट्टा होती, कळतंय मला. पण लिहिलीत ती खिडकी लावणाऱ्याच्या बाजूने.”

सरांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, “मला माझीच किळस येतेय.” कुणी समजूत घातली नाही. काय म्हणून घालायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या टॉवरवर गेलो. सेक्रेटरी बाहेर आला, सरांना ओळखून त्याने हात मिळवला आणि आम्हाला खुर्च्या दिल्या. सर म्हणाले, वो कागज उतार दीजिए. तो हसला. “अरे सर, आप ही का लिखा हुआ है. बच्चे लोग को भी याद हो गया. इतना बढ़िया चीज़ क्यों उतारना?” सरांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडले. त्याने आमच्यासाठी चहा मागवला. तो चहा मी तसाच ठेवून उठले. इतकं गोड बोलून नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला जेवढा तिटकारा येतो, तेवढा शिवी देणाऱ्याचा येत नाही.

निघताना सरांनी वॉचमनला विचारलं, यामुळे कुणाला परत पाठवलंस का? तो म्हणाला, “एक ही आयी थी. उत्तनवाली बुढ़िया, मोटे चश्मेवाली. बारह साल से आती है सूखी मच्छी लेके. उसको पढ़के दिखाया, तो चली गयी.”

गेटपासून स्टेशनपर्यंत सर माझ्या पुढे चालत राहिले. मग भाईंदर पश्चिमेहून आम्ही उत्तनची बस धरली.

व्हेराबाई अंगणात होती. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर टाकायची, असं काम चाललं होतं. तिने आम्हाला पाहिलं, हात थांबवला नाही. ॲमंडाने आतून दोन स्टुलं आणून दिली. वास होता, माशांचा आणि खारा. तो नाकात गेल्यावर मला माझं हसू आठवलं आणि मान वर करवेना.

सर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “व्हेराबाई, माझं चुकलं. तुम्हाला आधी वाचून दाखवायला हवं होतं.”

 ती हात लुगड्याला पुसून आत गेली आणि त्या बुधवारचा अंक घेऊन आली. चौकट भरलेली होती, बॉलपेनने, नेहमीसारखी. आडवे चौदाची तीन घरं मात्र कोरी. त्या घरांतून जे उभे शब्द जात होते, ते तिने अर्धेच सोडले होते. म्हणजे उत्तर तिला पहिल्या नजरेला कळलं होतं आणि ते कुठूनही चौकटीत येऊ नये, याची तिने काळजी घेतली होती.

“मना उत्तर म्हाईत न्हाय असा न्हाय,” ती म्हणाली. “न्हाय लिवला.”

“बरोबर केलंत.”

“त्या गेटवर वॉचमननं मना वाचून दाखवला. खाली तुमचा नाव. मी त्याला बोलली, ह्यो मानूस माझ्या वळखीचा हाय, तो असा न्हाय लिवनार. कोनीतरी त्याचा नाव घातलाय.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. “शनवारी गेटवर बोलली मी ह्या. बोंबलाच्या कामात बुधवारचा पेपर तवर उघडला नव्हता. घरी येऊन बघितला.”

मग कुठे सर स्टुलावर बसले. बराच वेळ ती बोंबील अडकवत राहिली आणि ते तिच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून वही काढली. म्हणाले, पुढच्या अंकात तोच शब्द, त्याच जागी, आडवे चौदा. एकदा आलेला शब्द सहा महिने पुन्हा घ्यायचा नाही हा त्यांचा दुसरा नियम, तो त्यांनी तिथंच मोडला. एक ओळ लिहून वाचली, काहीतरी दर्याचं आणि चांदीचं. तिने मान हलवली. दुसरी वाचली, तीत कष्ट होते आणि घाम होता.

“गोड नको लावू त्याला,” ती म्हणाली. “मासा हाय तो. मासा लिव.”

पुढच्या बुधवारी आडवे चौदाला छापलं, ‘एक मासा’. सरांच्या आयुष्यातलं सगळ्यांत ढिसाळ शोधसूत्र. बांगडा, रावस, हलवा, काहीही सुचावं. वाचकांचे निरोप आले: ‘सर, दर्जा घसरला.’ ‘मागच्यासारखं द्या ना काहीतरी.’ गुणवंतभाऊही कुरकुरले. माफीच्या दोन ओळी मी चौकटीखाली जाड ठशात लावल्या होत्या, त्यांबद्दल एकानेही काही लिहिलं नाही. गेटवरचा कागद अजून तिथंच आहे. मी मुद्दाम जाऊन बघते आणि दर वेळी तोंड कडू करून परत येते.

त्या शुक्रवारी फोटो आला नाही. पुढच्याही नाही. सर मोबाइल टेबलावर उताणा ठेवून बसायचे आणि आम्ही दोघंही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायचो.

तिसऱ्या शुक्रवारी आला. दुपारी, नेहमीच्या वेळेला. चौकट पूर्ण भरली होती, एकही घर रिकामं नव्हतं. सरांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला.

सगळं पेन्सिलने लिहिलं होतं.