दोन गावांचा वकील

कोर्टात उलटतपासणी चालू होती. दाराशी राधाबाई उभी दिसली आणि माझा प्रश्न अर्धाच राहिला. ती चोरखमारा तलावाखालची, आमच्या धानशेतीच्या गावची, तिथलं आमचं घर सांभाळणारी. कामाशिवाय गोंदियाला कधी यायची नाही. मी बाहेर आलो. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "साहेब गेले, वकीलसाहेब. सकाळी चहा नेला तं खुर्चीतच..." त्याला आता काही आठवडे झाले. पाऊस आला, धानाची रोवणी झाली, देश स्वतंत्र झाला. प्रत्येक वेळी मनात आलं, हे साहेबांना सांगायला हवं...

साहेब म्हणजे एतियेन वाल्मो, फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी. गावकरी मला विचारायचे, हा गोरा करतो काय? जुन्या काळी एका राजाचा माणूस दुसऱ्याच्या दरबारी राहायचा, त्याला आपल्याकडे वकील म्हणत. म्हणून मी सांगायचो, "फ्रान्सचा वकील आहे." ते समजायचे, माझ्यासारखाच काळा कोट घालणारा असेल. गावातल्या सोमाजीनं तर एकदा विचारलं होतं, "मंग हा केस काऊन घेत नाई?"

आमची ओळख गोंदिया स्टेशनावरची. दरेकसाच्या घाटात दरड कोसळली होती आणि कलकत्त्याची गाडी अडकून पडली होती. फलाटावर एक उंच, सडसडीत युरोपियन गृहस्थ पेटीवर बसून चणे खात होते. मी बोलायला गेलो, तर माझ्या इंग्रजीला त्यांनी हिंदीत उत्तर दिलं. त्यांना मी घरी जेवायला नेलं. सुटाबुटात पाटावर मांडी घालताना त्यांचे गुडघे कुरकुरले, पण वडाभात त्यांनी दोनदा मागून घेतला. इराण, सयाम आणि आणखी कुठकुठल्या वकिलातींतून फिरून ते कलकत्त्याला आले होते. त्यानंतर मुंबईला जाता-येता एक दिवस आमच्याकडे उतरायचं, हा त्यांचा परिपाठच झाला. आमच्या सौभाग्यवतींना ते "अन्नपूर्णा सरकार" म्हणत आणि वाकून नमस्कार करत. ती लाजायची आणि त्यांच्या पानात आणखी एक वडा पडायचा.

मग दुसरं महायुद्ध आलं. फ्रान्स पडला आणि तिथलं नवं सरकार जर्मनांच्या तालावर नाचू लागलं. आता याच सरकारशी इमान राखा, असे हुकूम सगळ्या वकिलातींना सुटले. साहेबांनी राजीनामा दिला. बायको आधीच वारली होती. एकुलता मुलगा त्याच लढाईत एका नदीकाठी पडला होता. दोन ट्रंका घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझा देश सध्या घरी नाही. तुमच्याकडे जागा आहे का?"

शेतावरचं आमचं घर रिकामंच होतं. तिथं ते राहिले. बांधावरून काठी टेकत फिरायचे, बायाबापड्यांशी बोलायचे. सहा भाषा येणाऱ्या या माणसानं झाडीबोली ही सातवी शिकून घेतली. "मी विचार करून राहिलो," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणत की पोरीबाळी तोंडावर हात धरून हसायच्या. मोहफुलं वेचायच्या दिवसांत मात्र ते गप्प होत. वाळत घातलेल्या मोहफुलांचा तो गोड, आंबूस वास... त्यांच्या लहानपणीच्या गावात द्राक्षं तुडवायच्या वेळी असाच वास यायचा म्हणे. डोळे मिटून बसत.

एका वर्षी पाऊस लवकर पाठमोरा झाला. धान पोटरीत आलेलं, लोंबी अजून पोटातच, आणि तलावाचं पाणी एकाच पाटानं दोन गावांना जाणारं. गावांची नावं घेत नाही, दोन्हीकडे माझे अशील आहेत. वरच्या गावानं पाट अडवला, खालचं गाव काठ्या घेऊन चालून आलं आणि डोकी फुटली. वरचे पुढारी सोमाजी, खालचे उदेलाल. दोघंही फिर्याद घेऊन माझ्याकडेच आले. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही मध्ये पडा. ते एकदम कडवट झाले.

"पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाच्या वेळी मी तरुण कारकून होतो. मोठ्या लोकांचे कागद वाहायचो. वाटायचं, आता जगात पुन्हा लढाई नाही. वकीलसाहेब, तो तह माझा मुलगा गणवेश घालण्याइतका मोठा होईपर्यंतच टिकला. मला पुन्हा तसं बसायला सांगू नका."

तेवढ्यात राधाबाई अंगणात आली. माहेर खालच्या गावात, सासर वरच्या. नवऱ्याचं डोकं फुटलं होतं ते तिच्या सख्ख्या भावाच्या काठीनं. ती साहेबांसमोर खाली बसली. "साहेब, नवरा वरचा, भाऊ खालचा. मी कोनाच्या बाजूनं रडू?"

साहेब उठले, आत गेले आणि वकिलातीतला जुना काळा कोट घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं आमच्या ओसरीवर जमली. साहेबांनी त्यांना समोरासमोर बसू दिलं नाही, सरमिसळ बसवलं. मग म्हणाले, "सोमाजी, तुम्ही उदेलालचं दुःख सांगा. ते 'हो, हेच' म्हणेपर्यंत."

"मी काऊन सांगू त्याचं? त्याले तोंड नाई का?" सोमाजी उसळला.

"तुमचं तुम्ही रोज सांगून राहिले. आज त्याचं सांगा."

शिव्या झाल्या, दोघं-तिघं उठून गेले आणि परत आले. साहेब नुसते बसून होते. शेवटी खाली बघत सोमाजी म्हणाला, "याच्या धानाच्या बांध्या पाटाच्या टोकाले आहेत. आमी पाट अडवला तं तिथं थेंब जात नाई. धान पोटरीत हाय... पोटुशी बाईले उपाशी ठेवल्यावानी होते."

उदेलालनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "हो. हेच," तो म्हणाला. मग कुणी न सांगताच त्यानंही सुरुवात केली, "याची जमीन बरड. पानी धरत नाई. एक पाळी चुकली का भेगा पडतेत..."

पुढचं सोपं होतं. टोकाच्या बांध्यांना पाणी आधी, वरच्यांना मागून पण जास्त वेळ. खालच्यांच्या पाळीला राखण वरच्यांनी करायची, वरच्यांच्या पाळीला खालच्यांनी. मी लिहून घ्यायला लेखणी काढली, तर साहेबांनी माझा हात धरला. "कागद नको. कागदावरचे तह मी पुष्कळ पाहिले." तेव्हापासून एकाही हंगामात पाटावर काठी उगारली गेली नाही.

युद्ध संपल्यावर कलकत्त्याहून त्यांच्या खात्याचा एक तरुण अधिकारी मोटार घेऊन आला. राजीनामा देणाऱ्यांचा आता मान होता, वरची जागा तयार होती. ओसरीवर बराच वेळ फ्रेंचमध्ये बोलणं चाललं. मोटार एकटीच परत गेली.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याला म्हटलं, पोरा, पाण्याच्या पाळ्या सुरू होऊन राहिल्या."

हसत म्हणाले खरे, पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

...त्या दिवशी कोर्टातून राधाबाईबरोबर मी गावी पोचलो, तेव्हा अंगणात दोन्ही गावं जमलेली आणि आवाज चढलेले. माती कुणाच्या हद्दीत द्यायची? सोमाजी म्हणे, घर आमच्या शिवेत. उदेलाल म्हणे, उठणं-बसणं आमच्यात. सोडवणारा आत खुर्चीत शांत होता. मी मध्ये पडायला पुढं झालो. तेवढ्यात ते दोघंच उठून मोहाच्या झाडाखाली गेले. काय बोलले, कुणाला ठाऊक नाही. परत आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते. तलावाच्या बांधावर, जिथून दोन्ही शिवारं दिसतात, तिथं साहेबांना ठेवायचं ठरलं. दोन्ही गावांनी खड्डा खणला आणि तिरोड्याच्या एका ख्रिस्ती मास्तरांनी प्रार्थना म्हटली.

गेल्या आठवड्यात मी घर बंद करायला गेलो. कुलूप नेलं होतं. दार सताड उघडं, ओसरी ताजी सारवलेली. राधाबाई आत सतरंजी अंथरत होती.

"कायले एवढं करून राहिली, राधाबाई? आता कोण येणार आहे?"

ती हात न थांबवता म्हणाली, "येनार कोनी नाई, वकीलसाहेब. पन कोनी भांडून आलं, तं बसाले जागा पायजे का नाई?"

मी कुलूप परत पिशवीत टाकलं.